एक्स-रे नेमका वाचतो कोण? फिल्म वाचण्याचं काम वाटून घेणं म्हणजे काय, ते सोप्या भाषेत

समजा, रात्री साडेअकराला कात्रजच्या उतारावर वाळूवरून गाडी घसरली. हातावर आपटून पडलात, मनगट सुजलं. जवळच्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी केसपेपरवर एक्स-रे लिहून दिला. टेक्निशियनने हात आडवा-उभा ठेवून दोन फोटो काढले. डॉक्टरांनी ते स्क्रीनवर पाहिले. "हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे," असं म्हणून क्रेप बँडेज बांधलं आणि घरी पाठवलं. सकाळी रेडिओलॉजिस्ट आले, त्यांनी रात्रीच्या फिल्म बघितल्या आणि रिपोर्ट लिहिला. तिसऱ्या दिवशी दुखणं थांबेना म्हणून तुम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात. त्यांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

मनगट एकच, पण त्याची फिल्म चार जणांनी पाहिली. लेखी उतरलं ते एकाचंच म्हणणं.

हे लक्षात घेतलं की सध्याची चर्चा समजायला सोपी जाते. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशात क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. तेव्हापासून हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रं आणि फिल्म वाचणारी संगणक प्रणाली हे शब्द सगळ्यांच्या कानावर आहेत. त्याआधी २०२१ मध्ये टेक्निशियन, ऑप्टोमेट्रिस्ट, फिजिओथेरपिस्ट अशा व्यवसायांसाठी केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्यामुळे लोक विचारू लागले आहेत की आता एक्स-रे डॉक्टर नसलेली माणसं वाचणार का? मला वाटतं, हा प्रश्नच थोडा चुकीचा मांडला जातो. वाचन आजही वाटलेलंच आहे. फरक इतकाच, की ते ठरवून वाटलेलं नाही आणि लिहून ठेवलेलं नाही.

## कोण कोण असतं या साखळीत

रेडिओलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएस झाल्यावर या विषयात आणखी दोन-तीन वर्षं शिकलेला डॉक्टर. टेक्निशियन, ज्याला परदेशात रेडिओग्राफर म्हणतात, म्हणजे यंत्र चालवणारा, पेशंटला नीट बसवणारा-झोपवणारा, किरणांची मात्रा ठरवणारा प्रशिक्षित माणूस. आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम करून अनेक जण या कामात येतात. हाडांचे डॉक्टर, छातीचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर आपापल्या भागाच्या फिल्म रोज स्वतः वाचतात. दातांच्या दवाखान्यात काढलेली छोटी फिल्म रेडिओलॉजिस्टकडे कुणी पाठवत नाही आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नाही.

'रिपोर्ट' म्हणजे सही असलेलं लेखी मत. 'वाचन' हा त्याहून मोठा शब्द आहे.

## वाचन हे एक काम नाही, चार आहेत

पहिलं काम म्हणजे फोटो वाचण्याजोगा आहे का ते पाहणं. छातीचा एक्स-रे घ्या. पेशंटने छाती प्लेटला टेकवून उभं राहायचं, किरण पाठीकडून यायचे, यंत्र साधारण १८० सेंटीमीटर अंतरावर. फिल्म आली की टेक्निशियन काय बघतो? गळ्याखालची दोन्ही हाडं, म्हणजे हसळ्या, मधल्या मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का. नसतील तर पेशंट तिरका उभा होता, आणि तिरक्या फिल्ममध्ये एक फुप्फुस उगाच काळं आणि दुसरं उगाच पांढरं दिसू शकतं. मग पाठीमागच्या बरगड्या मोजायच्या. नऊ-दहा दिसल्या तर श्वास पूर्ण भरलेला होता. सात-आठच दिसल्या तर श्वास अर्धा होता, आणि तसा एक्स-रे नीट माणसालाही न्यूमोनिया असल्यासारखं दाखवतो. खाटेवर झोपलेल्या पेशंटचा फोटो पुढून आणि जवळून घेतात, त्यात हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. हे ज्याला माहीत नाही तो 'हृदय वाढलंय' असं लिहून मोकळा होतो.

दुसरं काम आहे 'सगळं सरळ आहे की काहीतरी वेगळं आहे' एवढंच सांगणं. तिसरं, जे वेगळं आहे त्याचं वर्णन करणं: कुठे, केवढं, कसं. चौथं, त्याचा अर्थ लावणं. हा क्षय आहे की जुना व्रण, कर्करोग असू शकतो का, पुढची तपासणी कोणती, वर्षापूर्वीच्या फिल्मपेक्षा फरक काय.

घरातलं उदाहरण द्यायचं तर तांदूळ निवडणं आणि पंगतीचा स्वयंपाक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. निवडणाऱ्याला बिर्याणी यावी लागत नाही. पण खडा कसा असतो, कणी कशी असते, हे त्याला पक्कं माहीत हवं, उजेड हवा आणि शंभराव्या ताटालाही नजर तितकीच जागी हवी. कामं वाटायची ती अशी. चौथं काम उचलून कुणाच्याही हातात देण्याची मागणी कुठलाही जाणकार करत नाही. दुसरं काम मात्र शिकवता येतं, तपासता येतं आणि मोजता येतं.

## ब्रिटनमधला लाल ठिपका

१९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या काही रुग्णालयांनी एक साधी गोष्ट सुरू केली. अपघात विभागाची फिल्म काढताना टेक्निशियनला काही वेगळं दिसलं, तर त्याने फिल्मवर लाल रंगाचा गोल स्टिकर चिकटवायचा. निदान लिहायचं नाही. रात्रपाळीतला नवखा डॉक्टर तो ठिपका पाहून फिल्म पुन्हा निरखून बघणार, एवढाच उद्देश. ही पद्धत झपाट्याने पसरली, कारण त्यासाठी ना यंत्र लागत होतं ना पैसा.

तिच्यातली खोट मात्र वापरताना कळली. ठिपका नसला तर काय समजायचं? टेक्निशियनने पाहिलं आणि सगळं ठीक आहे, की पाहायला वेळच मिळाला नाही, की पाहिलं पण खात्री नव्हती? रिकामी जागा तिन्ही अर्थ एकाच वेळी सांगते. पुढे म्हणूनच तिथे ठिपक्याऐवजी एका ओळीची लेखी टिप्पणी आली: 'उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूच्या हाडात चीर वाटते' किंवा 'काही वेगळं दिसत नाही'. त्याच्याही पुढची पायरी १९९० च्या दशकापासून सुरू झाली. पदव्युत्तर प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर ठरावीक प्रकारच्या फिल्मचे, मुख्यतः हातापायांच्या हाडांचे, पूर्ण रिपोर्ट लिहू लागले. आज तिथे ते नेहमीचं झालं आहे. पण ते एका उडीत झालेलं नाही. ठिपका, ओळ, रिपोर्ट अशा पायऱ्या आहेत, आणि रिपोर्टही शरीराच्या ठरलेल्या भागापुरता.

आपल्याकडे चर्चा थेट रिपोर्टवरून सुरू होते आणि तिथेच अडते. ठिपक्याची आणि ओळीची पायरी कुणी मोजतच नाही. मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

## टेक्निशियनला जे दिसतं ते स्क्रीनवर नसतं

पुन्हा त्या मनगटाकडे येऊ. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी स्नायूंच्या दोन ताठ दोऱ्यांमध्ये (कंडरांमध्ये) एक खळगा पडतो. त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. हातावर पडल्यावर मोडणारं हे नेहमीचं हाड. त्याची अडचण दुहेरी आहे. एक तर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये त्याची चीर पुष्कळदा दिसतच नाही. दुसरं म्हणजे त्याला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने होतो. मधोमध मोडलं तर कोपराकडचा तुकडा रक्ताविना राहतो आणि वेळेत स्थिर केलं नाही तर तो तुकडा मरू शकतो. मग तरुण वयात मनगट कायमचं दुखरं होतं.

केसपेपरवर लिहिलेलं असतं 'मनगट, दोन बाजू'. टेक्निशियन हात फिरवत असताना पेशंट नेमका कुठे कळवळतो ते त्यालाच कळतं. खळग्यात बोट टेकवताच पेशंटने हात ओढून घेतला, तर स्कॅफॉइडसाठीच्या खास कोनातल्या आणखी फिल्म हव्यात हे त्याला माहीत असतं. पण ते सुचवायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. लिहून दिलं तेवढं काढायचं, ही शिस्त. टिप्पणीची एक ओळ लिहायची मुभा असेल तर तो लिहील: 'खळग्यात दाबल्यावर दुखतं, दोन फिल्ममध्ये चीर दिसत नाही, स्कॅफॉइडच्या फिल्म काढाव्यात का?' त्या ओळीने डॉक्टरचा निर्णय बदलतो. क्रेप बँडेजऐवजी अंगठ्यासह कच्चं प्लास्टर आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे, कारण तोवर मोडलेल्या कडा थोड्या विरघळून चीर उघडी पडते.

उलट्या बाजूचंही उदाहरण आहे, आणि प्रशिक्षण का लागतं ते त्यावरून कळतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा खेळताना पाय मुरगळला. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या लांब हाडाच्या मुळाशी, एक बारीक रेघ दिसते. नवख्या नजरेला वाटतं, मोडलं. पण या वयात तिथे वाढीचा एक वेगळा छोटा तुकडा असतो, तो पुढे हाडाला जुळून जातो. ओळखायची खूण अशी की वाढीची रेघ हाडाच्या लांबीबरोबर उभी जाते, मोडल्याची चीर हाडाला आडवी जाते. खूण सोपी आहे, पण ती कुणीतरी शिकवावी लागते, आणि दोन्ही रेघा एकाच पायात असू शकतात हेही शिकवावं लागतं. ज्याला हे शिकवलेलं नाही त्याने ठिपका लावला, तर मूल विनाकारण तीन आठवडे प्लास्टरमध्ये जातं.

## काम नीट कापलं की वाटता येतं

मधुमेहींच्या डोळ्यांचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून त्यावर रक्ताचे ठिपके, गळती, नव्या नाजूक रक्तवाहिन्या आहेत का ते पाहायचं. ब्रिटनमध्ये हे फोटो प्रशिक्षित वाचक बघतात, त्यांतले बरेच जण डॉक्टर नसतात. प्रश्न अगदी नेमका असतो: या माणसाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं का, आणि किती लवकर? फोटो धूसर असेल तर 'वाचता येत नाही' हेही उत्तर असतं आणि त्यालाही तज्ज्ञाकडेच पाठवतात. मोतीबिंदूमुळे फोटो धूसर येणाऱ्या वयस्कर माणसाला 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवणं ही या कामातली सगळ्यात वाईट चूक, म्हणून तिचा बंदोबस्त आधीच केलेला आहे.

स्तनांच्या तपासणीत तिथे प्रत्येक मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, दोन वाचक बघतात. त्यांतला एक प्रशिक्षित रेडिओग्राफर असू शकतो. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा किंवा गट निर्णय देतो. वाचक डॉक्टर असो वा नसो, त्याने वर्षाला किमान ५,००० केसेस वाचल्याच पाहिजेत. या अटीतलं शहाणपण मोठं आहे. नजर पदवीने जेवढी तयार होते, त्याहून जास्त रोजच्या सरावाने आणि आपलं कुठे चुकलं हे नंतर कळण्याने तयार होते.

## सोनोग्राफीला हे का लागू होत नाही

एक्स-रे आधी काढतात आणि मग वाचतात. सोनोग्राफीत काढणं आणि वाचणं एकाच क्षणी, एकाच हातात असतं. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा यंत्राचा भाग, जिथे फिरलाच नाही तिथलं काही नंतर कुणालाच दिसणार नाही. ब्रिटनमध्ये डॉक्टर नसलेले सोनोग्राफर हे काम करतात, रिपोर्टही देतात.

आपल्याकडे कायदा वेगळा आहे आणि त्यामागचं कारण दुखरं आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. त्यानुसार सोनोग्राफीचं यंत्र, जागा आणि ती करणारा डॉक्टर या सगळ्यांची नोंद लागते आणि गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म भरावा लागतो. ठरवून दिलेल्या पात्रतेच्या डॉक्टरशिवाय कुणी प्रोब हातात घेऊ शकत नाही. गावात सोनोग्राफीसाठी आठवड्याच्या ठरावीक दिवसाची वाट पाहणाऱ्या बाईला याचा त्रास होतो, हे खरं आहे. तरीही हा कायदा सैल करून वाचन वाटावं, असं मी म्हणणार नाही. मुली जन्मायच्या आधीच नाहीशा झाल्या, त्याची भरपाई सोयीने होत नसते.

## 'मग संगणकच सगळं का वाचत नाही?'

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की पंधरा वर्षं आणि त्यावरच्या माणसांच्या छातीच्या डिजिटल एक्स-रेमधून क्षयाचे संशयित वेगळे काढायला माणसाच्या जागी संगणक प्रणाली वापरता येईल. शब्द नीट वाचा: पंधरा वर्षांवरचे, क्षय, आणि संशयित वेगळे काढणं. निदान करणं असं त्यात नाही.

प्रणाली फिल्म बघून एक गुण देते. गुण ठरवलेल्या रेषेच्या वर गेला की त्या माणसाची थुंकी तपासायची. थुंकीची जनुकीय तपासणी जंतू आहे की नाही ते सांगते. एक्स-रे फक्त रांग लावून देतो.

आता थोडं गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत. मुळशीतल्या एखाद्या शिबिरात १,००० माणसं आली आणि त्यांत १० जणांना खरोखर क्षय आहे. प्रणाली १० पैकी ९ जणांना पकडते. उरलेल्या निरोगी ९९० पैकी दर शंभरात वीस जणांवर ती उगाच शंका घेते, म्हणजे १९८. एकूण २०७ जणांच्या नावापुढे खूण आली आणि त्यांत खरे रुग्ण ९, म्हणजे साधारण तेविसात एक. शिबिरासाठी हे चालतं, कारण पुढे थुंकीची तपासणी आहे. पण त्याच खुणेला कुणी निदान समजून 'तुम्हाला टीबी आहे' असं सांगितलं, तर १९८ घरांत विनाकारण हाहाकार होतो. लग्न मोडतात, कामावरून काढतात.

तीच प्रणाली आता छातीच्या ओपीडीत ठेवा. तीन-चार आठवडे खोकणारे १,००० जण, त्यांत १५० खरे रुग्ण. प्रणाली १३५ पकडते, क्षय नसलेल्या ८५० पैकी १७० वर उगाच शंका घेते. खूण आली ३०५ जणांवर आणि खरे त्यांत १३५, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. यंत्र तेच आणि अचूकता तीच असूनही खुणेचं वजन पार बदललं. माणूस वाचक असला तरी हे गणित असंच चालतं. म्हणून 'हा वाचक किती अचूक?' असं एकट्याने विचारून भागत नाही. कुणाच्या फिल्म तो वाचतोय आणि खूण आल्यावर पुढे काय होणार, हेही त्याबरोबर विचारावं लागतं.

आणखी एक अडचण आहे. क्षयासाठी शिकवलेली प्रणाली क्षयाचाच गुण देते. फुप्फुसाभोवती हवा भरलेली असेल, हृदय वाढलेलं असेल, कोपऱ्यात गाठ असेल, तर ते तिच्या प्रश्नात नसू शकतं. गुण कमी आला म्हणजे छाती निरोगी, असा अर्थ नाही. आणि पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्यांच्या जुन्या व्रणांवर ती अडखळते. त्यांचा गुण जास्त येऊ शकतो. म्हणून शिबिरात 'आधी टीबीचा कोर्स केला होता का' हा प्रश्न फिल्मइतकाच महत्त्वाचा आहे.

## 'शिकलेला डॉक्टर चुकत नाही, इतर चुकतील'

चुकतात सगळेच, आणि चुकायच्या तऱ्हा माहीत झालेल्या आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या सिटी स्कॅनमध्ये बारीक गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र घुसवलं होतं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्रावरून कळलं की त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्यावर गेली होती. ही माणसं निष्काळजी नव्हती. जे शोधायला सांगितलं तेच मेंदू शोधतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे एक गोष्ट सापडली की शोध थांबणं. घोट्याचं एक हाड मोडलेलं दिसलं, समाधान झालं आणि शेजारचं दुसरं राहून गेलं. यावर शिकवलेला उपाय साधा आहे: पहिली चीर सापडल्यावर फिल्म पहिल्यासारखी पुन्हा सुरुवातीपासून बघायची, प्रत्येक हाडाची कड बोटाने फिरावं तशी.

त्यामुळे दोन वेगवेगळ्या घडणीची माणसं एकच फिल्म बघतात तेव्हा फायदा असतो, कारण दोघांच्या चुका एकाच जागी पडत नाहीत. पण एक पथ्य आहे. दुसऱ्याने आपलं मत ठरवण्याआधी पहिल्याचं मत वाचलं, तर तो त्याच दिशेला झुकतो. शक्य तिथे आधी स्वतः बघावं, मग टिप्पणी उघडावी.

## 'गावाकडच्यांना दुय्यम आणि शहराला पक्कं?'

हा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो टाळू नये. पुणे शहरात डेक्कनपासून हडपसरपर्यंत एक्स-रे सेंटर्सची रांग आहे. वेल्ह्यातल्या किंवा जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातल्या माणसाला तसं नाही. तिथे 'टेक्निशियनने बघितलंय, पुरे' असं म्हणून विषय संपवला, तर ते वाटून घेणं नाही, ते सोडून देणं आहे.

फरक ओळखायची कसोटी अशी: टिप्पणीनंतर फिल्म रेडिओलॉजिस्टपर्यंत जाते का, आणि किती वेळात? आज इंटरनेटवरून भोरची फिल्म पुण्यात बसून वाचता येते. टेक्निशियनच्या टिप्पणीचा उपयोग मग रांग बदलण्यासाठी होतो. ऐंशी फिल्म वाट बघत असतील तर ज्या सहांवर खूण आहे त्या आधी उघडायच्या. फुप्फुसाभोवती हवा साठलेला माणूस ऐंशीव्या क्रमांकावर राहू नये, यासाठी.

शिवाय टेक्निशियनच्या बाजूनेही पाहावं. पाळीत साठ-सत्तर फिल्म काढणाऱ्या, मधेच आयसीयूत पोर्टेबल यंत्र घेऊन धावणाऱ्या माणसावर प्रत्येक फिल्ममागे एक ओळ लादायची आणि त्यासाठी ना प्रशिक्षण, ना वेळ, ना पगारात वाढ, असं केलं तर तो सगळीकडे 'काही वेगळं दिसत नाही' असंच लिहू लागेल. आणि त्यात त्याची चूक नसेल.

## सही कोणाची, जबाबदारी कोणाची

आजच्या चौकटीत निदानाचा रिपोर्ट डॉक्टरच्या सहीने जातो. रक्त-लघवीच्या प्रयोगशाळांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. रेडिओलॉजीत टेक्निशियनने निदान लिहून सही करावी, असं २०२१ च्या कायद्यातही म्हटलेलं नाही. त्या कायद्याने अशा व्यवसायांसाठी आयोग, राज्य परिषदा, नोंदवह्या आणि शिक्षणाचे निकष यांची व्यवस्था केली. हा पाया आहे. ज्याचं नाव कुठल्याच नोंदवहीत नाही, त्याच्यावर जबाबदारी टाकता येत नाही आणि त्याला संरक्षणही देता येत नाही.

मग टिप्पणी म्हणजे काय? ती सूचना आहे, रिपोर्ट नाही. ती कुणी आणि किती वाजता लिहिली ते नावासकट दिसायला हवं. नंतर रेडिओलॉजिस्टचं मत वेगळं आलं तर ते टेक्निशियनला कळायला हवं, शिक्षा म्हणून नाही, शिकणं म्हणून. महिन्याला ६०० टिप्पण्या होत असतील तर त्यांतल्या तीस चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि अंतिम रिपोर्टशी ताडून पाहाव्यात. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ज्या विभागात हे होत नाही तिथे वाचन वाटायला घेऊच नये, हे मी ठामपणे म्हणेन.

## मोबाइलवर पाठवलेली फिल्म

आपल्याकडे पुष्कळ वाचन आज वाटलं जातं ते व्हॉट्सअॅपवर. रात्री स्क्रीनचा फोटो काढून सरांना पाठवायचा आणि सर घरून सांगणार. यामागची कळकळ खरी आहे, पण तोटा समजून घ्यायला हवा. डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाइलमध्ये काळ्या-पांढऱ्याच्या ४,०९६ किंवा त्याहून जास्त छटा असतात. मोबाइलच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला २५६. मूळ फाइलवर डॉक्टर उजेड-अंधार फिरवून हृदयामागची गाठ किंवा बरगडीची चीर उघडी करू शकतात. फोटोत ते हरवलेलं असतं, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वर आणि पाठवताना फाइल आणखी दाबली जाते. डावं-उजवं दाखवणारी खूण कापली गेली तर छातीत चुकीच्या बाजूला नळी घालण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अशा फोटोवर 'लगेच घेऊन या' हा निर्णय होऊ शकतो. 'काही नाही, घरी पाठवा' हा निर्णय होऊ नये.

## रिपोर्ट बदलला, मग पुढे?

पेशंट म्हणून तुम्ही काय बघावं? कागदावर 'प्राथमिक' लिहिलंय की 'अंतिम'. खाली डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे का. शिबिरात खूण आली नाही तर विचारा, "फक्त टीबीसाठी बघितलं की पूर्ण छाती बघितली?" फिल्मबरोबर मूळ फाइलची सीडी किंवा लिंक मागून घ्या आणि जुन्या फिल्म फेकू नका. छातीतला डाग दोन वर्षांपूर्वीही तेवढाच होता, एवढं दिसलं तरी पुष्कळदा पुढच्या तपासण्या टळतात.

आणि एक गोष्ट केसपेपर काढतानाच करा. वाटून घेतलेलं वाचन कोलमडतं ते बहुतेक वेळा डोळ्यांपाशी नाही, फोनपाशी. रात्री डॉक्टर म्हणाले मुका मार, सकाळी रिपोर्टात आलं स्कॅफॉइडची चीर. आता हे पेशंटला कळवायचं कुणी? रात्रपाळीचे डॉक्टर घरी गेलेले, रेडिओलॉजिस्टने पेशंटला पाहिलेलं नाही, नर्सच्या टेबलावर रिपोर्टांचा गठ्ठा. केसपेपरवरचा मोबाइल नंबर सोबत आलेल्या मित्राचा, किंवा एक आकडा कमी. मनगट तसंच वापरलं जातं आणि कोपराकडचा तुकडा सुकत राहतो. हॉस्पिटलने मत बदललेल्या रिपोर्टांची वेगळी वही ठेवून, फोन कुणी केला, किती वाजता केला, उचलला का, हे त्यात रोज लिहायला हवं. खिडकीपाशी नंबर सांगताना तो स्वतःचा सांगा, समोरच्याकडून पुन्हा वाचून घ्या आणि जोडीला घरातल्या आणखी एकाचा द्या.